लवंगतेलाच्या खोलीची किल्ली

मी, संत्र्यांच्या गोदामाची मालकीण, वय झालेली पण डोकं ठिकाणावर असलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवते. दबाव आणणारे घरात आहेत. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

१. राहतं घर मुलाला. तो फळांच्या वाटेला गेला नाही, त्यात त्याचं भलंच झालं. शिलाई मशीन नणंदेला द्यावं, म्हणजे ती ते मागायचं तरी थांबेल.

२. पेट्यांच्या मधून तेलात भिजवलेल्या कापडी पट्ट्या टांगायची पद्धत माझी. लवंगतेलाच्या वासाने संत्र्यांना हिरवी बुरशी धरत नाही. मात्र तेल जास्त झालं तर साल करपते आणि कोंडलेल्या खोलीत माणूसही गुदमरतो. म्हणून आधी खिडक्या उघडायच्या, मगच आत पाऊल टाकायचं.

३. धाकट्या दिरांना मी खिडक्यांवरच्या फळ्या खिळ्यांसकट देते. त्यांनीच त्या ठोकल्या. "वहिनी, वास बाहेर गेला म्हणजे आपलं तेलच गेलं ना?" हे वर ऐकवलं. गेल्या हंगामात आमचा हमाल त्या खोलीत बेशुद्ध पडला. माझं नाक या वासाने कधीच मेलंय. दारात उभी असून मला काही कळलं नाही. मुलीला अंगणात वास आला, तिने धावत येऊन त्याला बाहेर ओढलं. दीर म्हणाले, "त्याला चक्कर येतेच अधूनमधून." हे मी त्यांना माफ केलेलं नाही.

४. गोदाम आणि त्या खोलीची किल्ली मुलीला, कारण घरात नाक तिचंच शाबूत आहे.

५. किल्लीपुरतं वरचं कलम रद्द. हे लिहीत असतानाच मुलगी त्या खोलीतून आली. डोळे लालभडक, बाहीने पुसत होती. म्हणाली, "आई, आज पट्ट्या भिजवल्या नाहीस का गं?" पट्ट्या मीच भिजवल्या होत्या, अजून ठिबकत होत्या. नवरा गेला तेव्हाही मला इतकी भीती वाटली नव्हती. किल्ली कोणालाच नको. माझ्या मरणाची वाट न पाहता दार आजच उतरवावं, फळ्याही काढाव्यात. सुताराला निरोप गेला आहे.

ठिकाण : गोदामाचं अंगण.
दिनांक : दार उतरवलं तोच दिवस.
सही : मालकीण.

साक्षीदार : सुतार. हत्यारं खाली ठेवून सही केली.

साक्षीदार : हमाल. याने फाटकाबाहेरच अंगठा दिला. "बाई, आत नाही यायचो. अंगणभर वास सुटलाय."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही तो आला नव्हता.