उघड्या दाराची पूजा

बाई,

वयाने आता मी तुमच्याहून मोठी झाले आहे, तरी तुम्हाला लिहायचं म्हणून पेन हातात घेतलं आणि पाठ आपोआप ताठ झाली. साताऱ्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. बाहेरच्या खोलीत यजमान बातम्या ऐकताहेत. मी वाणसामानाची यादी करते आहे असं त्यांना वाटतंय, आणि मी वाटू दिलं आहे. आज दुपारी माझ्या धाकट्या भावाची नात दोघातिघांना घेऊन आली होती. मुलींवर जीव असणाऱ्या मुली आणि मुलग्यांवर जीव असणारे मुलगे, अशी ती मंडळी. आता हे सगळं सरळ तोंडाने बोलतात हो बाई, ऐकताना माझेच कान गरम होतात. गेल्या वर्षी ही मंडळी पहिल्यांदाच रंगीत झेंडे घेऊन, हलगी वाजवत गावातून चालली आणि बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांच्यावर दगड आले. एका मुलाच्या कपाळाला टाके पडले. यंदा निम्मी म्हणतात, पुन्हा निघायचंच. निम्मी म्हणतात, एखादा हॉल घेऊ, दार लावून काय नाचायचं ते नाचू. पोलिसांच्या परवानगीच्या अर्जावर गावातल्या जबाबदार माणसाची सही असली तर बरं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं, आणि जबाबदार माणूस म्हणून पोरीला निवृत्त मुख्याध्यापिका असलेली आजी आठवली. अर्ज पुढे ठेवून ती म्हणाली, "आजी, सहीचं नंतर बघू. आधी निघावं का नाही, ते तू सांग." 'तू सांग' असं या बाबतीत मला याआधी एकदाच कोणी म्हटलं होतं. ते तुम्ही.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. माणातून, दहिवडीच्याही पलीकडून, एक ट्रंक घेऊन मी सांगलीला डी.एड.ला आले. वडील मुंबईला गिरणीत आणि आई मेंढरांमागे. तुमच्या शाळेत माझा सरावपाठ होता आणि फळ्याकडे वळता वळता मला घेरी आली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तुम्ही वर्गापुढे काही बोलला नाहीत. संध्याकाळी मला घरी नेलंत, पिठलं-भाकरी वाढलीत आणि म्हणालात, मागची खोली रिकामीच आहे, उद्या ट्रंक घेऊन ये. त्या घरात तुम्ही होतात आणि सिस्टर होत्या. सिस्टर मिरजेला दवाखान्यात नर्स, तासगावकडच्या शेतकऱ्याची लेक, लहानपणी लग्न लावून दिलेली आणि वर्षाच्या आत नवऱ्याने टाकलेली. गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, चारचौघांत तुम्हीही सिस्टरच म्हणायचात, आणि भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं ते मात्र अगं-तुगं. पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आलं. मी काही साधीभोळी नव्हते. वर्गातल्या एका मुलीच्या वेणीकडे बघत मी अख्खं बालमानसशास्त्र ऐकत होते. आपल्यासारखं जगात आणखी कोणी आहे, ते भाकरी थापतं, भांडतं, दिव्याच्या वाती वळतं, हे बघून मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी आठ दिवस डोकं दुखल्याचं सोंग केलं.

तुम्ही दोघींनी ते घर मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला घेतलं होतं, म्हणून दर मार्गशीर्ष पौर्णिमेला सत्यनारायण. रेशनची साखर सव्वाच्या मापाला पुरावी म्हणून दिवाळीपासून घरात गुळाचा चहा. त्या वर्षी जुने गुरुजी थकले म्हणून नवे आले. दोन पाट शेजारी-शेजारी बघून त्यांनी विचारलं, यजमान कोण? मग सगळं कळल्यावर म्हणाले की सिस्टरांचा नवरा हयात आहे, तेव्हा त्यांनी त्याच्या नावाची सुपारी कमरेला खोचून एकटीने बसावं, शास्त्रात तशी सोय आहे. सिस्टर हात पुसत म्हणाल्या, "जो कवाच न्हाई त्याची सुपारी खोचायची, आन जी हाय तिनं आत शिरा ढवळत बसायचं व्हय?" गुरुजींनी केळीचा कललेला खुंट सरळ केला. मग म्हणाले, देवाला चालतं का ते मला ठाऊक नाही, पण चालत नाही असंही पोथीत कुठे वाचलेलं नाही. आणि सुपारी पिशवीत टाकली. तुम्ही दोघी बसता आहात, हाताला हात लावून पळीने पाणी सोडता आहात, आणि मी कोपऱ्यात उभी आहे. बाहेर गल्लीतली माणसं जमू लागली तशी मी लाजेने पुढचं दार हळूच लोटलं. पाट न सोडता तुम्ही मान वळवलीत. "दार कोणी लोटलं? पूजा आहे घरात, चोरी नाही." तुम्ही माझ्यावर आवाज चढवलेला तेवढाच. मी दार सताड उघडलं. पाची अध्याय झाल्यावर सगळी गल्ली आत आली आणि हात पुढे करून प्रसाद घेऊन गेली. मागे काय वाट्टेल ते बोलणारी माणसंसुद्धा आली, कारण सत्यनारायणाचा प्रसाद नाकारायची कोणाची छाती? तुमची ही युक्ती मला फार उशिरा कळली. वर्षातून एकदा सगळ्या गल्लीला तुम्ही साक्षीला बोलावत होतात, आणि त्यांनी तो शिरा खाल्ला की त्यांना 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता येत नव्हतं.

पण शिरा खाणाऱ्यांत एक द्राक्षं विकायला आलेला माणूसही होता, सिस्टरच्या गावचा. त्याने गावात सांगितलं. पुढच्या वर्षी चौथा अध्याय चालू असताना सिस्टरचा भाऊ दोघांना घेऊन आत आला. त्याने वेणी धरून सिस्टरला पाटावरून ओढलं. तुम्ही मधे पडलात तर तुम्हाला भिंतीवर ढकललं. सोबतच्यांनी केळीचे खुंट उपसले. सिस्टरचा डावा हात त्याने असा पिरगळला की हाड मोडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. आणि मी? मी पोथी उचलून छातीशी धरून उभी होते, जणू काही मारामारी पोथीचीच चालली होती. गल्ली दारात जमली होती. कोणी पुढे येईना. मग समोरच्या गिरणीवाल्या काकू आल्या, केसांपासून पायांपर्यंत पिठाने पांढऱ्या. त्यांनी कढईतला शिरा मुठीत घेतला आणि थेट त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "आवं दादा, पूजा हाय घरात. आदी परसाद घ्या, मग काय करायचं ते करा." आणि बाई, त्याने वेणी सोडली. डाव्या हातावर उजवा हात धरून प्रसाद घेतला, कपाळाला लावला, खाल्ला. एकदा खाल्ल्यावर त्याला पुन्हा हात उचलता येईना. धोतराला बोटं पुसत तो म्हणाला, "ऱ्हावा की एकत्र, कोन नगं म्हंतंय? पर जगाला दावताय कशाला?" आणि निघून गेला. त्याही अवस्थेत सिस्टरला हसू आलं. गुरुजींनी पाचवा अध्याय वाचूनच आसन सोडलं.

सिस्टरचा हात दोन महिने प्लॅस्टरमध्ये होता. त्या हळूहळू सावरल्या, पण तुम्ही नाही सावरलात. मोठ्या आवाजात वर्ग गप्प करणाऱ्या तुम्ही, कडी वाजली की हातातलं भांडं खाली ठेवायचात. पुन्हा मार्गशीर्ष आला. मला तोवर सांगलीतच एका शाळेत तात्पुरती नोकरी लागली होती आणि मी अजून तुमच्याकडेच होते. एका संध्याकाळी तिघी ताटावर बसलो असताना तुम्ही म्हणालात की यंदा करू नये, किंवा केली तर दार लावून करावी. सिस्टर म्हणाल्या, "मार तर बसलाच की. आता दार लावलं म्हंजी त्यो मार फुकट गेला." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू सांग. तू या घरातलीच आहेस." मी वरणात भात कालवत राहिले. मग मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. सिस्टरना पुन्हा काही झालं तर? दार लावून केली तरी देवाला पोचतेच." तुमचा चेहरा सैल झाला. कोणीतरी तसं म्हणावं याचीच तुम्ही वाट पाहत होतात. सिस्टर ताट घेऊन मोरीकडे गेल्या. त्या वर्षी पूजा दार लावून झाली. गुरुजी, आपण तिघी आणि उरलेला शिरा. तो आपण तीन दिवस खाल्ला.

आता खरं सांगते. मला सिस्टरच्या हाताची काळजी नव्हती. म्हणजे होती, पण त्यामुळे मी तसं बोलले नाही. त्याच महिन्यात वडिलांचं पत्र आलं होतं. साताऱ्याचं स्थळ होतं, मुलगा सरकारी नोकरीत, माणसं चौकशीला सांगलीत येणार होती. मी कोणाच्या घरात राहते आणि त्या घरात पौर्णिमेला काय चालतं हे त्यांना कळलं तर, एवढीच मला भीती होती. लग्न मला नको होतं. पण नाही म्हणायला जे बळ लागतं, ते कुठून आणायचं हे मला कळत नव्हतं, आणि ज्या घरात ते मिळण्यासारखं होतं त्याच घराचं दार मी लावायला सांगितलं. वैशाखात लग्न झालं. नवरा वाईट माणूस नाही. वाईट असता तर कदाचित सुटता आलं असतं. सत्तेचाळीस वर्षं मी एका भल्या माणसाच्या घरात कोंडले गेले आहे आणि तक्रार करायला जागा नाही.

लग्नानंतरच्या श्रावणात तुमचं कार्ड आलं, दोनच ओळींचं. सिस्टर गावी गेली, तब्येतीस जप. मी नुसतं खुशालीचं उत्तर लिहिलं. बाकीचं मला दोन वर्षांनी सांगलीला आले तेव्हा गिरणीवाल्या काकूंकडून कळलं. तुम्ही शाळेत असताना, भर दुपारी, भाऊ जीप घेऊन आला आणि सिस्टरला घेऊन गेला. "आमाला काय ठावं? दार लावलेलं हुतं. आमाला वाटलं, आई आजारी आसंल, म्हनून भाऊ न्यायला आला." काकू खोटं बोलत नव्हत्या. तुम्ही दोनदा गावी गेलात आणि दोन्ही वेळा उंबऱ्यावरून परत पाठवल्या गेलात. पोलिसांनी विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? गल्लीतल्या कोणाला तरी साक्षीला आणा म्हणाले. कोणी आलं नाही. एकच पूजा दार लावून झाली होती, तेवढ्यात माणसांना विसरायला सोपं गेलं. सिस्टरचं डोकं फिरलंय असं गावात सांगत, आणि चार वर्षांनी त्या तिथेच गेल्या. तुम्ही त्यानंतर किती दिवस काढलेत, ते मोजायचं धाडस मला झालेलं नाही. तुमच्या दहाव्यालाही मी आले नाही. मुलाची परीक्षा आहे असं सांगितलं होतं.

हे सगळं त्या पोरांना कसं सांगू? उघड्या दारातही मार बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. टाके पडलेला मुलगाही आज आला होता, केसांच्या बटेने खूण झाकून. त्याच्या आईच्या जागी मी असते तर त्याला घरात कोंडून ठेवलं असतं आणि त्याला प्रेमच म्हटलं असतं. पण दार लावल्याने मार टळत नाही. तो फक्त कोणाला दिसत नाही. मी त्यांना एवढंच म्हणाले की निघा, ओळखीच्या रस्त्याने निघा, दुकानदारांना आधी जाऊन भेटा, त्यांच्या हातावर काहीतरी गोड ठेवा. पोरं हसली. त्यांना वाटलं म्हातारीला जेवणावळ सुचते आहे. मग मी अर्जावर सही केली, पूर्ण नाव, पत्ता, निवृत्त मुख्याध्यापिका. उद्या चौकीतला हवालदार तो वाचेल, तो माझाच विद्यार्थी आहे, आणि परवा यजमानांच्या कानावर जाईल. ते फक्त चहाचा कप थोडा जोरात ठेवतील.

हे पत्र मी कुठे टाकणार? डाळीच्या डब्याखाली ठेवीन आणि आठ दिवसांनी चुलीत नाही तर बंबात घालीन. तुम्हाला मात्र एक सांगायला हवं. निघताना पोरीने माझा हात धरून विचारलं, आजी, तू येशील आमच्याबरोबर चालायला? मी म्हणाले, बाळा, गुडघ्यांनी दगा दिलाय, दहा पावलं टाकवत नाहीत. तिने लगेच वाकून माझे गुडघे चेपले.

माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, बाई.