बिरूला बोललेला शब्द

दादा,

तहसिलीच्या कामानं वेल्ह्याला चाललोय, उद्या येईन. सकाळी बिरूच्या वाड्यावर जाऊन आलो. परवा जेवणात तू सगळ्यांदेखत त्याला धनगरडा म्हणालास, तो ताटावरून उठला, तेव्हापासून मला चैन नव्हतं. "दादा गमतीनं बोलला," म्हणालो. तर तो म्हणतो, "रागात बोलला असता तर राग गेल्यावर इसारलो असतो. हसत बोलला, म्हंजी मनातलंच आलं."

पण खतासाठी मेंढरं यंदाही आपल्याच रानात बसवीन म्हणाला, तेव्हा जीव भांड्यात पडला. तू स्वतः येऊन "चुकलो" म्हणावंस, एवढंच त्याचं म्हणणं. आजच जा. त्याची आई बयाबाई दूध पुढं करील. या वेळी नको म्हणू नकोस.

मानसिंग