आत्याच्या मशीनचा मेलेला बोर्ड

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं पाच मिनिटांत भांडतो आणि मग महिनाभर अबोला धरतो, म्हणून पत्र लिहितोय. कागदावर तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

इकडे सर्व ठीक. मला आता स्वतंत्र केबिन मिळाली आहे. खुर्ची गोल फिरते. हाताला ग्रीस लागून आता इतकी वर्षं झाली, की परवा घरच्या मिक्सरचं झाकण उघडेना तर बायकोने मला बाजूला सारून स्वतःच उघडलं.

आता मुद्द्याचं. आमच्या दुरुस्तीच्या कंपनीला तुमच्या गावात शाखा हवी आहे आणि मी साहेबांना आपलं रिपेअरिंगचं दुकान सुचवलंय. बाबांनी दुकानाचा भाडेकरार दोघांच्या नावावर ठेवला, त्यामुळे तुझ्या सहीशिवाय काही हलत नाही. कागद सोबत पाठवलेत. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. भाडं कंपनी भरणार, तुला महिन्याचा ठरलेला पगार, वर लाइटची पाटी. बाबांची पाटी काढावी लागेल, पण तिच्यावरचं निम्मं नाव तसंही उडालंय. दर मात्र कंपनीचे लावायचे आणि काम कंपनीच्या पद्धतीने करायचं. तुझे हल्लीचे दर मी साहेबांना सांगितले तेव्हा ते इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. धर्मशाळा चालवते का तुझी बहीण, असं विचारत होते.

जाता जाता एक आनंदाची बातमी. इथे आत्याचं वॉशिंग मशीन बंद पडलं होतं. मी ताबडतोब आपला माणूस पाठवला, आतला सर्किट बोर्ड मेला होता, नवा टाकून दिला. घरचं माणूस म्हणून सवलतही दिली. आत्या खूश आहे. सगळ्या बिल्डिंगला माझं कौतुक सांगत सुटली आहे.

लोभ असावा. तो नसला तर निदान सह्या तरी असाव्यात.

तुझा,
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. खुर्ची गोल फिरते हे वाचून ऊर भरून आला. बाबा असते तर त्यांनी आधी तिच्या बेअरिंगला तेल घातलं असतं, मग तुझं अभिनंदन केलं असतं.

धर्मशाळेचं म्हणशील तर तिचं हल्ली बरं चाललंय. परवा एक बाई फ्रिज गार होत नाही म्हणून आल्या. जाऊन बघते तर फ्रिज भिंतीला असा चिकटवलेला, की मागे झुरळालाही अंग चोरून जावं लागेल. वीतभर पुढे ओढला, झालं. बाई म्हणाल्या, एवढ्याचे कसले पैसे, हे तर आमच्या ह्यांनीही केलं असतं. मी म्हटलं, ह्यांना घरात असून दोन महिने सुचलं नाही, म्हणून माझे पैसे. दिले, पण चेहरा असा केला जणू मी त्यांच्या कानातलं काढून घेतलं.

तेव्हापासून मी एक नाटक शिकले आहे. दोष लगेच सापडला तरी लगेच सांगायचं नाही. स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून कपाळाला आठ्या घालायच्या, मशीनला कान लावायचा, दोनदा हं म्हणायचं. मग लोक मुकाट्याने पैसे देतात, वर चहा विचारतात. आणि मी फार शहाणी आहे असंही समजू नकोस. गेल्या आठवड्यात एका मास्तरांचा ओव्हन मी सगळा उघडून टेबलावर पसरला, घामाघूम झाले, आणि शेवटी कळलं की भिंतीवरचं बटणच बंद होतं. त्यांच्याकडून एक पैसा घेतला नाही. तुमच्या पद्धतीत याला काय म्हणतात?

तरीही खरं सांगते, मी दमले आहे. मालकाने भाडं वाढवलंय आणि माझे गुडघे फ्रिजमागे बसायला कुरकुरतात. घासाघीस करून करून जीव विटला. तुझे कागद मी वाचले आणि सह्याही केल्या. आता हसू नकोस.

फक्त एक सांग. आत्या मला फोनवर म्हणाली होती की मशीन पाणी भरतं, कपडे फिरवतं, पण पाणी सोडत नाही. मग बोर्ड कसा मेला? पाणी जाण्याची वाट आधी उघडून बघायची, हे आपण शाळेत असताना शिकलो. तिथे कुणी बघितलं होतं का? मी आत्याला परत विचारलं तर तिने विषय बदलला आणि तुझं इतकं गुणगान केलं, की मला तू कोणी दुसराच वाटलास.

कळावे. लोभ आहेच, त्याचा स्पेअर पार्ट बाजारात मिळत नाही.

तुझी ताई

१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सह्या केल्यास हे वाचून मी केबिनचं दार लावून एकटाच नाचलो. खुर्चीवर नाही, ती फिरते. साहेबांना सांगितलं, त्यांनी पेढ्याऐवजी पाठीवर थाप दिली.

आता तुझी उलटतपासणी. अगं, दिवस बदलले. आमचा माणूस मशीनला यंत्र जोडतो, यंत्र मोबाइलवर दोष दाखवतं, यंत्राने बोर्ड म्हटलं की बोर्ड. खाली वाकून बघत बसायला वेळ आणि पगार कोण देणार? शिवाय दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडलं तर गिऱ्हाईक आमच्या नावाने शंख करतं, नवं टाकलं की प्रश्न मिटला. जुने बोर्ड नियमाप्रमाणे तोडून टाकतात. आत्याने ओटीपी दिला, तक्रार बंद झाली, वर पाच चांदण्या दिल्या. याहून मोठा पुरावा कुठला?

आणि नीतीचे धडे कोण देतंय? जी बाई आठ्या घालून, हं हं करून गिऱ्हाइकाचा चहा पिते ती? तुझं नाटक आणि आमचं यंत्र यात मला फारसा फरक दिसत नाही. आमचं यंत्र निदान चहा मागत नाही.

कागद टपालात टाक. महिनाअखेर जवळ आली आहे आणि साहेब रोज विचारतात.

लोभ वाढवावा, शंका कमी कराव्यात.

तुझा,
धाकटा

२३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. आज नुसतेच, अनेक नाहीत.

चहाचा टोला लागला. बरोबर आहे तुझं. सोमवारपासून नाटक बंद केलंय. गिऱ्हाइकाला आधीच सांगते की पैसे दोष शोधण्याचे आहेत, तो एका क्षणात सापडो की दिवसात. दोघंजण उठून गेले. एकजण थांबला.

आता तू जरा बसून घे. काल भंगारवाला आला होता, तोच, जो तुमच्या शहरातून माल आणतो. त्याच्याकडे वॉशिंग मशीनचे जुने बोर्ड होते, स्वस्तात देत होता. मी चाळत बसले. त्यातल्या एकाच्या जोडणीवर जांभळं नेलपॉलिश.

तुला माहीत आहे, मी जो स्क्रू उघडते, जी जोडणी हाताळते, तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका देते, म्हणजे मागाहून दुसऱ्याने हात लावला तर कळतं. आणि असलं भयाण जांभळं नेलपॉलिश माझ्याखेरीज कुणी विकत घेत नाही, दुकानदारानेच मला सांगितलंय. दोन वर्षांमागे आत्याकडे राहिले होते तेव्हा तिच्या बोर्डात मुंग्या शिरल्या होत्या, मी साफ करून सोल्डरिंग केलं होतं. तेच माझं वेडंवाकडं सोल्डरिंग. माझं काम मी ओळखणार नाही?

मी तो बोर्ड दुकानातल्या मशीनला जोडला. पाणी भरलं, कपडे फिरले, पाणी गेलं, कपडे पिळले. तीनदा चालवला. ठणठणीत आहे रे तो. तुमच्या नियमाप्रमाणे तोडून टाकलेला मुडदा चालत चालत माझ्या दुकानात आला आणि कामाला लागला!

तू आपल्या आत्याला टोपी घातलीस. सवलत देऊन घातलीस, हे तुझं मोठेपण.

मला राग आलाय आणि त्याहून जास्त भीती वाटतेय. सह्या केलेले कागद पाकिटात आहेत, पाकीट गल्ल्यावर आहे. उद्या त्या लाइटच्या पाटीखाली बसून मला हेच करावं लागणार असेल तर आत्ताच सांग. तुला हे माहीत होतं का? हो की नाही, एका शब्दात लिही. त्यावर पाकीट टपालात जाईल किंवा कचऱ्यात.

लोभाचं नंतर बघू.

ताई

३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू एका शब्दात उत्तर मागितलंस. माझ्याकडे ते एका शब्दात नाही, रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र वाचून आधी मला तुझाच राग आला. मग मी आत्याकडे पाठवलेल्या माणसाला बोलावलं. तो अजिबात घाबरला नाही. शांतपणे म्हणाला की सगळेच बोर्ड बदलतात, बोर्डावरच टार्गेट पुरं होतं, आणि जुने विकून चहापाणी सुटतं. वर मलाच विचारलं की साहेब, तुमच्या पगारात दर तीन महिन्यांनी जे जास्तीचे येतात ते कशाचे असतात असं तुम्हाला वाटत होतं? मला काय वाटत होतं, ताई? मी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून विचारलं नव्हतं. आता हे तुझ्या हो-नाहीत कुठे बसतं ते तूच ठरव.

रविवारी आत्याकडे गेलो. न कळवता गेलो. दार उघडायला तिला फार वेळ लागला. बाही कोपरापर्यंत भिजलेली, मनगटाला क्रेप बँडेज. मी सरळ न्हाणीघरात शिरलो. मशीनचं झाकण उघडं, आत काठोकाठ साबणाचं पाणी, बाजूला बादली आणि बादलीत मग.

ताई, ती मगाने पाणी उपसत होती. आपल्या माणसाने बोर्ड टाकला त्या दिवसापासून. कपडे धुवायचे, मग मगाने सगळं पाणी काढायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा काढायचं. मशीन कधी दुरुस्त झालंच नव्हतं. आपल्या माणसाने आधी ओटीपी मागून घेतला आणि चालवून न बघता निघून गेला.

मी तिच्यावर ओरडलो. एक फोन करायला काय झालं होतं, असं म्हणालो. ती मशीनकडे बघत म्हणाली की सगळ्या बिल्डिंगला सांगून झालं होतं, माझा भाचा मॅनेजर आहे, त्याच्या माणसाने हातोहात करून दिलं. आता कुठल्या तोंडाने सांगू की चालत नाही? तुझं नाव खराब झालं असतं.

मला तिथेच रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदके देऊन रडलो. मग आत्याकडून पक्कड मागून घेतली, मशीन जरासं कलतं केलं, खालची नळी काढली. एक पायमोजा निघाला, लहानसा, कुण्या पाहुण्यांच्या पोराचा. बस. एवढंच. पाणी भसाभस न्हाणीघरभर गेलं आणि मी त्यात बसलेला.

पण इतक्यावर संपलं नाही. आत्याच्या कौतुकामुळे तिच्या बिल्डिंगमधल्या चार घरांनी आमच्या कंपनीला बोलावलं होतं. चारही घरी बोर्ड बदललाय. मी म्हटलं, मी एकेकाकडे जाऊन येतो. आत्याने पदराने हात पुसले, चपला घातल्या आणि म्हणाली की नाव मी सांगितलं होतं, दार मीच वाजवणार. मी नको नको म्हणत राहिलो, ती जिना चढायलाही लागली.

पहिल्या घरच्या गृहस्थांनी मला जे सुनावलं ते पत्रात लिहिता येणार नाही. आत्या मध्ये पडली नाही, मी ऐकून घेईपर्यंत शेजारी उभी राहिली. दुसऱ्या घरी दार उघडून लगेच बंद झालं. तिसऱ्या घरी कुलूप होतं.

कागद फाडून टाक. सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं, भंगारवाल्यासकट. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि मला समजावलं की मी थकलोय, सुट्टी घ्यावी. परवा वरच्या ऑफिसात बोलावलंय. नोकरी राहील असं वाटत नाही. बायकोला सांगितलं, ती म्हणाली की बरं.

चौथ्या घरचं राहिलं. वरच्या मजल्यावर एक वयस्क बाई एकट्या राहतात. आत्याने बेल वाजवली, मी मान खाली घालून सांगितलं की तुमचा बोर्ड बहुतेक चांगला होता, आम्ही उगाच बदलला, पैसे मी परत करीन. बाईंनी पैशांचं काहीच काढलं नाही. त्यांनी विचारलं की मग माझ्या मशीनला झालं होतं तरी काय? मला ठाऊक नव्हतं. कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणी बघितलंच नव्हतं. मी म्हणालो की आजी, उघडून बघावं लागेल. त्या बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, मग ये आत, बघ.

कळावे. लोभ उरला असेल तेवढाच असू दे, मी मागून घेणार नाही.

तुझा,
धाकटा