रेडिओला बसवलेलं सॉकेट

चिमे,

भाऊजी गेले, ते तू फोनची वायर त्यांच्या हातात दिलीस म्हणून नव्हे. त्यांच्या जुन्या रेडिओला मोबाइल जोडायचं सॉकेट मी बसवलं होतं. तसल्या रेडिओत घरातली वीज थेट आतल्या पत्र्यात उतरते, आणि तिथून सॉकेटला जोडलेल्या वायरीत. मध्ये ट्रान्सफॉर्मर घालायलाच हवा, हे मी वीजसुरक्षेच्या भाषणांत व्यासपीठावरून शेकडो लोकांना बजावलं आहे. पण भाऊजी हसून म्हणाले, "मेहुणे, भाषण पुरे, गाणं लागू द्या!" आणि मी तो न घालताच सॉकेट जोडलं.

वायरमनने फोनला दोष दिला, तू स्वतःला. मी गप्प राहिलो.

काल माझा हात धरून तू म्हणालीस, "दादा, तू आहेस म्हणून मी उभी आहे."

खरं बोला म्हणून गावभर गरजणाऱ्या मला तो हात सोडवत नाही.

तुझा गुन्हेगार,
दादा