हिरवा दिवा कोणाचा

३ एप्रिल २०२५, गुरुवार

स्वप्नील खोटं बोलतो आहे. एकुलता एक मुलगा, आणि माझ्याशी.

कळलं ते असं. चार्जर दाखवायला अर्पितच्या दुकानात गेले होते. दलिचंद शेठजींचा नातू, स्वप्नीलचा शाळेतला जोडीदार, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सहज म्हणाला, "काकू, स्वप्नीलची मजा आहे हं. पुण्याची नोकरी आणि भर दुपारी खेळात." कसला खेळ? अंतराळाचा म्हणे. जगभरची माणसं आपापलं यान घेऊन एकाच आभाळात फिरतात. कोण हजर आहे ते नावापुढच्या हिरव्या दिव्यावरून कळतं. अर्पित स्वतःही खेळतो, त्याने उघडून दाखवलं. स्वप्नील_जळगाव. दिवा हिरवा. दुकानातल्या घड्याळात पावणेबारा.

तिथूनच फोन लावला. "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." आणि दिवा हिरवाच!

नोकरी गेली असेल का? की सोडली? घरी आल्यावर यांना काही बोलले नाही. यांच्या पोटात काही राहत नाही.

५ एप्रिल, शनिवार

स्वप्नीलच्या जुन्या कॉम्प्युटरवर अर्पितकडून तो खेळ घालून घेतला. नव्या माणसाला पैसे पडत नाहीत, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. स्वप्नीलला सांगायचं नाही, ही शपथ वेगळी. यांना म्हटलं, कीर्तनं ऐकायला सुरू करून घेतेय. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुले येस का ते?" येईल म्हटलं. खोटं बोलले म्हणून संध्याकाळी एक माळ जास्त ओढली.

राहुकाळ साडेदहाला संपला, मग नाव घातलं. एकविरा. कुलदेवीच्या नावाने माणूस चोरून काही करत नाही. मी मात्र तेच करायला निघाले आहे.

आत शिरल्या शिरल्या पडद्यावरची बाई विचारते, मार्ग कोणता घेणार? माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. बाकीचं अर्पितने कागदावर मराठीत लिहून दिलं. खाणकाम, व्यापार, मालवाहतूक, लढाई, टेहळणी. प्रत्येकाचा एकेक धडा करून बघायचा आणि मग एक धरायचा. मला कुठे पोट भरायचं आहे तिथे? मला माझा मुलगा दिसला म्हणजे झालं.

७ एप्रिल, सोमवार

काल रामनवमी, म्हणून हात लावला नाही.

आज खाणकाम. दगडासमोर यान उभं करायचं, उजेडाचा झोत सोडायचा आणि बसून राहायचं. गहू निवडण्यासारखंच. फक्त इथे खडे ठेवायचे, गहू नाहीतच. लोणी कढवून तूप होईतो यान भरलं. काम वाईट नाही. पण दगडाशेजारी बसून मुलाचा तपास कसा लागणार?

दिवा साडेदहाला हिरवा. तीनला हिरवा. पाचला गेला.

८ एप्रिल, मंगळवार, एकादशी

व्यापाराचा धडा. बाजारात एक जण सारखा लिहितो — मला जे पाठवाल ते दुप्पट करून देतो. असले दुप्पटवाले आमच्या गल्लीतही येऊन गेले. एकाला तर मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. व्यापार नको.

लढाई नकोच.

१० एप्रिल, गुरुवार

मालवाहतुकीच्या धड्यात एकाने पेटी दिली. अमक्या ताऱ्यावर पोचवा, मोबदला भरपूर. पण आधी माझ्याकडूनच अनामत मागतो. पेटीत काय आहे, विचारलं. म्हणे, उघडायची नाही. इथेच माझं मन शंकलं. नव्या लोकांची एक बोलण्याची खोली असते, तिथे लिहिलं, राम राम, हे काम खरं का?

लगेच उत्तर आलं. इंग्रजी अक्षरं, भाषा आपली. "राम राम. घेऊ नका. वाटेत त्याचीच माणसं तुमचं यान फोडतील. पेटी पोचली नाही म्हणून अनामत तो ठेवून घेईल."

नाव वाचलं. स्वप्नील_जळगाव. सव्वाबारा वाजले होते.

तो पुढे लिहितो, "आपल्याकडच्या दिसता." मी लिहिलं, धुळ्याची. माहेर धुळ्याचं आहे, तेव्हा अगदीच खोटं नाही. "मग मावशीच म्हणतो," म्हणाला.

पोटच्या पोराने मला मावशी केलं.

१२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती

देवळात सुंठवडा वाटला. उत्सवाची वही पूर्ण केली. दर वर्षीसारखंच, अक्षर माझं, खाली सही यांची. सेक्रेटरी हेच ना. अध्यक्ष म्हणाले, "प्रेमराजभाऊंची वही म्हणजे आरसा." हे नुसते हसले.

१४ एप्रिल, सोमवार

चार दिवस त्याच्याकडे शिकते आहे. शिकवतो कसा, ते लिहून ठेवलंच पाहिजे. यान वळवताना मी तीनदा खडकावर आदळले. एकदाही चुकलं म्हणाला नाही. तीनही वेळा म्हणाला, "आता दुसऱ्या बाजूने बघू, मावशी." चौथ्यांदा जमलं. आमच्या वेळच्या गणिताच्या मास्तरांनी एवढं केलं असतं तर मी मॅट्रिकला थांबले नसते. हा धीर याच्यात आला कुठून? यांच्याकडून तर नक्की नाही. म्हणजे माझ्याकडूनच.

सामानही किती नीट ठेवतो. वाया काही घालवत नाही. माझंच रक्त. ज्योतीच्या संगतीत राहूनसुद्धा एवढं टिकलं! सूनबाईंनी दिवाळीचा फराळ बाहेरून मागवला, त्या दिवसापासून मी तिला ओळखून आहे.

आज त्याने विचारलं, मार्ग ठरला का? मी उलट विचारलं, मला काय शोभेल? "टेहळणी. आपण दिसायचं नाही, दुसऱ्याचं सगळं बघून ठेवायचं. तुम्ही कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही. तुम्हाला जमेल."

घेतली टेहळणी. त्याने कौतुकाने म्हटलं की टोमणा होता, कळेना.

१६ एप्रिल, बुधवार, संकष्टी

आज विचारलंच. तुम्ही दुपारचे मोकळे कसे?

उत्तर एकदम आलं. "फेब्रुवारीत नोकरी सोडली, मावशी. पगार चांगला होता, पण जीव रमत नव्हता. शाळेत गणित शिकवायचं आहे. त्याची परीक्षा देतोय. पगार निम्म्याहून कमी. घरात एकाला सांगितलं आहे. दुसऱ्या माणसाला सांगायचं धाडस होत नाही."

का?

"समोर बसलं की तोंडी परीक्षा चालल्यासारखं वाटतं. काय झालं ते कोणी विचारत नाही. कोणाचं चुकलं तेच आधी."

चंद्रोदय होईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा वाचत बसले. नोकरी सोडली. अडीच महिने झाले. आणि मला नाही, धुळ्याच्या अनोळखी मावशीला सांगितलं.

१७ एप्रिल, गुरुवार

तो दुसरा माणूस ज्योती. दुसरं कोण असणार? तिच्या धाकाने माझा मुलगा तोंड मिटून बसला आहे.

अकराला तिला फोन केला. सहज केल्यासारखा. "हो आई, ऑफिसमध्येच आहे." आणि मागे कुकरची शिट्टी! ऑफिसात कुकर? सुटी काढून घरात बसली असणार आणि माझ्याशी थापा. दोघंही थापा मारतात. पण त्याची थाप भीतीची आहे. हिची सवयीची.

१९ एप्रिल, शनिवार

मग ज्याला सांगितलं तो "एक" कोण? हेच असावेत. परवा गच्चीवर फोनवर हळू आवाजात बोलत होते. मी वर गेले तर म्हणाले, "काही नही, स्वप्नीलना फोन व्हता." बाप-लेकाचं एवढं हळू काय चालतं? जेवताना तोंडाकडे बघत राहिले. मुकाट जेवले. मीठ कमी होतं, तेही बोलले नाहीत. मीठ कमी असून हे बोलत नाहीत म्हणजे काहीतरी आहे.

२१ एप्रिल, सोमवार

आज मावशी होऊन स्पष्ट लिहिलं. त्या माणसाला भिऊ नकोस. कोर्ट आहे का ते? तोंडावर सांगून टाक. ज्याला आपल्या घरातलं माणूस आपल्याला का घाबरतं हे कळत नाही, त्याचंच चुकलं.

तो म्हणाला, "मावशी, तुमच्यासारखं माणूस घरात असतं तर."

पदराने डोळे पुसले. अरे, घरातच आहे मी.

२४ एप्रिल, गुरुवार, एकादशी

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, स्वप्नील येतोय. ज्योती माहेरी जाणार, बोदवडला. बरंच झालं. एकट्याला समोर बसवून काढून घेते.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

सकाळी स्वप्नील जळगावला उतरला, ज्योती त्याच गाडीने पुढे बोदवडला गेली. पितरांची घागर पुजली, निखाऱ्यावर त्यांच्या नावाचा घास घालून आगारी टाकली. पुरणपोळी, आमरस, कुरडया. आखाजीपर्यंत आमच्याकडे आंब्याला कोणी हात लावत नाही, त्यामुळे बाप-लेक मान वर करत नव्हते. म्हटलं, दुसरी वाटी संपली की विषय काढू.

तेवढ्यात आतल्या खोलीत कॉम्प्युटर वाजला. सकाळी बंद करायचा राहिला होता. उठून गेले. पडद्यावर स्वप्नील_जळगाव. दिवा हिरवा. "मावशी, आखाजी कशी चाललीय? रस झाला का?"

दारातून मागे पाहिलं. स्वप्नील पाटावर बसलेला. मनगटापर्यंत रस. फोन खिडकीत चार्जिंगला.

पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पुन्हा त्याच्याकडे.

बाहेर येऊन विचारलं, "तुझ्या नावाने खेळात कोण असतं रे?"

"कोणत्या खेळात? तो अंतराळाचा? मी दोन वर्षांत उघडला नाही, आई. ज्योती खेळते. बाईचं नाव दिसलं की लोक नको ते लिहितात, म्हणून माझ्याच नावाने असते, पुरुषासारखं बोलते." मग थांबला. "तुला खेळ कुठून माहीत?"

अर्पितकडून, म्हटलं. आणि ज्योतीची नोकरी?

स्वप्नीलने बापाकडे पाहिलं. बापाने वाटीकडे.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माले माहीत व्हतं," हे वाटीतच बोलले.

"मग मला का नाही?"

स्वप्नील म्हणाला, "ती स्वतः सांगणार होती, आई. दर रविवारी ठरवायची. धीर व्हायचा नाही."

माझ्या ताटातली पोळी तशीच राहिली. सणाच्या दिवशी अन्न टाकलं.

१ मे, गुरुवार

स्वप्नीलची नोकरी शाबूत आहे. त्या दिवशी तो खरंच मीटिंगमध्ये होता. देवापुढे साखर ठेवली, पण मन लागलं नाही.

तीस वर्षं देवळाच्या वहीत अक्षर माझं आणि नाव यांचं. नावामागे दुसरंच माणूस बसलेलं असू शकतं, हे साऱ्या जळगावात मला आधी कळायला हवं होतं. दिव्यावर मुलाचं नाव दिसलं आणि मी मुलगाच धरून चालले. धीर पाहिला, म्हटलं माझं रक्त. नीटनेटकेपणा पाहिला, म्हटलं माझं रक्त. कुकरची शिट्टी ऐकली, ती तेवढी सुनेच्या नावावर टाकली.

तो दुसरा माणूस मी आहे.

२१ तारखेचं पान पुन्हा वाचलं. त्याचंच चुकलं, असं माझ्याच हाताने लिहिलंय.

कॉम्प्युटर उघडला नाही.

३ मे, शनिवार

दुपारी ज्योतीचा फोन. "आई, दोन मिनिटं आहेत का? खेळात एक धुळ्याच्या मावशी आहेत. त्या म्हणाल्या, तोंडावर सांगून टाक." आणि एका दमात सगळं सांगितलं. फेब्रुवारी, नोकरी, शाळा, निम्मा पगार. जिभेवर आलेला पहिला प्रश्न गिळला. म्हटलं, "शिकव. तुला फार चांगलं शिकवता येतं."

मग हळूच, "तुम्हाला कसं माहीत, आई?"

मी कॉम्प्युटरपुढेच बसले होते. दिवा हिरवा होता. एका बोटाने लिहिलं — राम राम, ज्योती.