रोमचा टोल नाका

६ जानेवारी २००३

शी! प्राचार्यांच्या केबिनमधून आले तेव्हापासून तोंड कडू आहे.

गॅदरिंगसाठी मुलांना नाटक लिहून दिलंय — रोमच्या सम्राटाने सगळे रस्ते ठेकेदारांना विकले असते तर? शत्रू वेशीवर, आणि रोमचंच सैन्य नाक्यावर अडकलेलं! टोल भरल्याशिवाय दांडा वर होत नाही. शेवटी रोम जळतं. एवढंच.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, प्रमुख पाहुणे कोण आहेत, माहीत आहे ना?" माहीत आहे. नदीकडच्या रस्त्यावर टोल नाका बांधतोय तोच ठेकेदार! मंडपही त्याच्याच पैशाचा.

"रोम दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे सर. मी इतिहास शिकवते."

हसलेसुद्धा नाहीत. पण दुसरं नाटक बसवायला वेळ नाही, म्हणून अडवलंही नाही.

९ जानेवारी

तालीम सुरू. रुबीना सेनापती झालीय. आवाज काय आहे पोरीचा!

१८ जानेवारी

नाटक झालं. वाटलं होतं, ठेकेदार मधूनच उठून जाईल. तो तर पोट धरून हसला! रोम जळतं तिथे टाळ्या. मग स्टेजवर चढून रुबीनाच्या डोक्यावर हात ठेवला — "आमच्या नाक्याच्या उद्घाटनाले हेच नाटक ठेवा. लोकाईले मजा येईन!" प्राचार्य लोण्यासारखे वितळले. या माणसांना काही लागतच नाही!

२० जानेवारी

मुलं हो म्हणाली! नाटकात नाक्याचा मुनीम झालेला अश्वजित खाली मान घालून सांगत होता — "नाई म्हनलो त सर परीक्षेले बसू देनार नाई, मॅडम." रुबीना सेनापतीच्या तलवारीला चंदेरी कागद चिकटवत होती.

म्हटलं, जा. नाचा त्याच्यासमोर.

जेवण गेलं नाही. मुलांचीही किळस आली. कधी वाटलं नव्हतं असं होईल.

२६ जानेवारी, दुपार

उद्घाटनाला गेले नाही. पेपर तपासतेय. वीट आलाय या रोमचा.

२६ जानेवारी, संध्याकाळ

रुबीनाचे वडील आरिफभाऊ धापा टाकत आले. त्या रस्त्याने सवाऱ्यांची जीप चालवतात. सगळं समोर पाहिलेलं. रुबीनाने नाटक मधेच सोडलं. सेनापतीच्या वेषात खऱ्या नाक्यापाशी गेली आणि दांडा उचलून धरला! दुसरीकडून अश्वजित. जीपा, सायकली, धानाचे ट्रॅक्टर — सगळे फुकट पार! ठेकेदार ओरडतोय, आणि लोक टाळ्या वाजवतायत. त्यांना वाटलं, नाटकच आहे.

"दोघंबी ठान्यात हायेत, बाई. साहेब पुसून राह्यले, हे नाटक कोनं लिवलं?"

चप्पल घालते. जाऊन सांगते — मी.