उपडा पेला

अण्णा, आईला नवा फोन मीच निवडून दिला. तीन दुकानं फिरले. बॅटरी, आवाज, अक्षरांचा आकार, भूकंपाची सूचना येते की नाही, सगळं ताडून पाहिलं. तुम्ही गणिताचे शिक्षक. घड्याळसुद्धा चार दिवस वेळ जुळवून पाहिल्याशिवाय घेत नव्हता.

लातूरच्या घरात, स्वयंपाकघरातल्या फळीवर तुमचा तांब्या उपडा असे आणि त्याच्या बुडावर पितळी पेला, तोही उपडा. भूकंपानंतर, जमीन हलली की पेला पडून वाजावा म्हणून, गल्लीत घरोघरी अशी भांडी रचलेली होती म्हणे. माझा जन्म नंतरचा. बाकीच्यांनी ती केव्हाच काढली. तुम्ही मात्र रोज जेवणं झाली की रचत होता. मी दुसरीत आहे आणि मुद्दाम पेला पाडते. आई पोळी तव्यावर सोडून अंगणात, तुम्ही मला उचलून तिच्या मागे. मी हसतेय. तुम्ही मारत नाही. आत नेऊन माझ्याच हातानं पेला रचायला लावता आणि म्हणता, "हा आधी सांगत नाही. सुरू झालं, एवढंच सांगतो. पळायचं आपलं आपण."

या भिंतींवर मजला चढवायचा नाही, हेही तुम्हीच म्हणाला होता. तुम्ही गेल्यावर आईनं चढवला. तिथं आता डॉक्टर व्हायला आलेल्या अकरा मुली राहतात, मुखेडच्या, अहमदपूरच्या. त्या क्लासला जाताना जिना धावत उतरल्या की पेला पडायचा, आई दचकायची. म्हणून नवा फोन हातात घेऊन तिनं पहिलं हेच विचारलं, "हे आधी सांगतंय का गं?"

मला नेमकं उत्तर माहीत होतं. केंद्र दूर असेल तर काही सेकंद मिळतात. जवळ असेल तर सूचना आणि हादरा बरोबरच, कधी हादराच आधी. आपल्याकडचा जवळचाच असतो. पण मला नांदेडची बस गाठायची होती. मी "हो" म्हणाले.

"बरं झालं माय. लई वर्षं भिऊन काढली," असं म्हणून तिनं भांडी उतरवली.

मागच्या महिन्यात गेले तर वर सळया उभ्या होत्या. आणखी एक मजला.

"अजून सहा पोरी मावतात," आई म्हणाली.

"आई, भिंती जुन्या आहेत."

"फोन हाय की! तूच दिलास ना? आन् इंजिनीयरबाई, आता तूच भिऊन राहिलीस?"

जिन्यातल्या मुली हसल्या. फळीच्या वर भिंतीत एक चीर गेली आहे. मी बोट लावून पाहिलं. नख आत गेलं. मी चहा घेतला आणि निघाले.

स्लॅब येत्या रविवारी आहे. मी दोनदा फोन लावला, मुलींच्या जेवणाची चौकशी केली आणि ठेवला. आई म्हणते, हल्ली झोप छान लागते. हे खरं तर तिलाच लिहायला बसले होते.

तांब्या आणि पेला तिनं मोडीच्या पिशवीत टाकले होते. न विचारता काढून आणलेत. इथं, नांदेडच्या खोलीत, माझ्या टेबलावर असतात. जेवण झालं की रचते.